दात पांढरे करायचेत? आधी किती तासणार ते विचारा

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना अडखळलेले शब्द काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन पडला असाल, आजचा विषय तुमच्या तोंडातलाच आहे. दात. म्हणजे दातदुखी नाही, दातांचं दिसणं.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलीने पाठवली होती. वय २२, नाव सांगू नका म्हणालीय. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, लहानपणापासून. ती म्हणते, "ताई, मी हसताना हात तोंडासमोर धरते. कॉलेजच्या एकाही फोटोत माझे दात नाहीत. आता पुण्यात इंटरव्ह्यू आहे. एका क्लिनिकमध्ये गेले तर सहा दातांना व्हिनियर लावा म्हणाले, हप्त्याने होईल म्हणाले. करू का?"

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण तोंडासमोर हात धरणं म्हणजे काय ते मला माहितीये. माझी गोष्ट पुढे सांगते. आधी दात म्हणजे नक्की काय ते बघू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

दात पांढरा नसतोच

दाताचा जो भाग आरशात दिसतो त्याच्या सगळ्यात बाहेर असतं इनॅमल. शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट, हाडापेक्षाही कडक. वजनाने साधारण ९६ टक्के खनिज. पण ते पूर्ण पांढरं नसतं, थोडं पारदर्शक असतं, दुधी काचेसारखं. त्याच्या आत असतं डेंटिन आणि ते असतं पिवळसर. आपल्याला दिसतो तो रंग म्हणजे काचेतून दिसणारी पिवळी भिंत. म्हणून निरोगी दात जरासा पिवळट असणं हे नॉर्मल आहे. सुळे तर बाकीच्या दातांपेक्षा गडद असतातच. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन वाढतं आणि रंग अजून उतरतो.

इनॅमलची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते परत उगवत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच असतात, नंतर संपतात. केस कापले तर वाढतील, नख तुटलं तर वाढेल, इनॅमल तासलं की गेलं ते गेलं. आजच्या भागातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे एवढं डोक्यात ठेवा.

आणि डाग दोन जातीचे. एक बाहेरून बसलेले: चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री. आपल्याकडे कित्येक आज्या अजूनही सकाळी मिश्री लावतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, बाकी काही नाही. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर भारतात १९९२ मध्येच बंदी आली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार! तर हे बाहेरचे डाग. दुसरे म्हणजे दात तयार होतानाच आत मुरलेले, किंवा दाताला मार लागून आतून आलेले. बाहेरचे डाग क्लिनिंगने निघतात. आतले डाग कितीही ब्रश घासा, हलणार नाहीत.

क्लिनिंगवरून आठवलं. "क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात", हे तुम्ही मावशीकडून, काकूकडून, शेजाऱ्यांकडून ऐकलं असेल. उलटं आहे. वर्षानुवर्षं साचलेल्या कीटणाखाली हिरडी आणि हाड आधीच मागे सरकलेलं असतं. कीटण काढलं की ती रिकामी जागा जाणवते, एवढंच. दात त्या कीटणाच्या भिंतीवर उभा होता आणि भिंत चांगली नव्हती.

लिंबू, सोडा, कोळसा

रील्सवर लिंबाचा रस आणि खायचा सोडा घासायला सांगणारे लोक तुम्ही बघितलेत. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५ असतो. तोंडातला पीएच साडेपाचच्या आसपास खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. म्हणजे तुम्ही आधी इनॅमल ॲसिडने मऊ करता आणि मग त्यावर पावडर घासता. दोन-चार दिवस दात चकचकीत वाटतात, कारण वरचा थर निघाला. पण थर पातळ झाला की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं. पांढरं करायला निघालात आणि कायमचं पिवळं करून बसलात. वर थंड पाणी प्यायलं की कळ! कोळशाच्या पावडरीचं तेच, खरखरीत गोष्ट आहे ती. बाहेरचे थोडे डाग निघतील, रंग बदलणार नाही.

आणि "इन्स्टंट व्हाइट" लिहिलेल्या काही पेस्टमध्ये निळा रंग असतो. आई पांढऱ्या शर्टाला नीळ लावायची ना? तीच आयडिया. काही तास दात पांढरे भासतात. फोटोपुरतं ठीक आहे.

खरं ब्लीचिंग

दाताचा आतला रंग खरोखर हलका करतं ते पेरॉक्साइड. हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड जे तोंडात गेल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. ते इनॅमलमधून आत शिरतं आणि रंगाचे मोठे रेणू तोडून छोटे करतं. काही तासावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दोन पद्धती आहेत. एक, क्लिनिकमध्ये खुर्चीत बसून, जोरदार जेल लावून एका बैठकीत. दुसरी, डॉक्टर तुमच्या दाताच्या मापाचा पातळ ट्रे बनवून देतात, त्यात कमी ताकदीचं जेल घालून घरी रात्री लावायचं, दोन-तीन आठवडे. ही घरची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेतल्या हेवूड आणि हेमन या दोघांनी मांडली, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरून, आणि आजही ती टिकून आहे. खुर्चीतल्या ब्लीचिंगला निळा लाइट लावतात, भारी वाटतं, पण काम जेल करतं. माझं मत विचाराल तर घाई नसेल तर घरची पद्धत. स्वस्त पडते, हळूहळू होते आणि कुठे थांबायचं ते तुम्हाला ठरवता येतं.

दात काही दिवस सणकतात, बहुतेकांचे थांबतात. त्या दिवसांत कोरा चहा, कॉफी, हळदीची भाजी जरा लांब ठेवा. (हो, म्हणजे दोन आठवडे आईशी भांडण.) हा रंग कायमचा नसतो, महिन्यांनी-वर्षांनी हळूहळू उतरतो. आणि हे लक्षात घ्या की ब्लीचिंग फक्त खऱ्या दातावर चालतं. तुमची कॅप, तुमचं सिमेंट, जुनं फिलिंग आहे त्याच रंगाचं राहतं. पुढच्या दातात फिलिंग असेल तर आधी ब्लीच, मग एक-दोन आठवडे थांबून नव्या रंगाचं फिलिंग. थांबायचं का? कारण दातात राहिलेला ऑक्सिजन नवं फिलिंग नीट चिकटू देत नाही.

किती पांढरं? डॉक्टरांकडे रंगांची एक पट्टी असते, १६ छटांची, ए वन पासून डी फोर पर्यंत. त्याच्याही पलीकडे ब्लीच शेड म्हणून वेगळ्या पांढऱ्याफटक छटा मिळतात. जुने डॉक्टर एक साधा अंदाज सांगतात: डोळ्यातल्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे नकोत. आरशात बघा, पटेल. फोनच्या ब्युटी फिल्टरमध्ये दात आपोआप उजळतात, तर त्या फोटोशी तुलना करून क्लिनिकमध्ये जाऊ नका. तो रंग कुणाच्याच तोंडात नसतो.

व्हिनियर आणि कॅप एकच नाही

आता मुख्य मुद्दा. व्हिनियर म्हणजे दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवलेली पातळ पापडी, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कल्पना जुनी आहे. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट नटनट्यांना शूटिंगपुरत्या अशा पापड्या लावून द्यायचे, कवळीच्या पावडरीने चिकटवलेल्या. शूटिंग संपलं की काढून ठेवायच्या. बाल कलाकार शर्ली टेंपल हिचे दुधाचे दात पडायचे, त्या फटी अशाच झाकल्या जायच्या. कायमचं चिकटवणं जमलं ते नंतर. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलला जरा ॲसिड लावून खरबरीत केलं की रेझिन त्याला घट्ट धरतं. १९८० च्या दशकात त्याच तत्त्वावर पोर्सिलेनचे व्हिनियर आले.

म्हणजे बघा, व्हिनियर टिकतं ते इनॅमलच्या जोरावर. इनॅमल जास्त तासून डेंटिनपर्यंत गेलात तर चिकटण्याची ताकदच कमी होते.

कॅप किंवा क्राउन वेगळी गोष्ट. त्यात दात चारही बाजूंनी तासून बारीक खुंटी करतात आणि वर टोपी घालतात. २००२ मध्ये एडेलहॉफ आणि सोरेनसन यांनी वजन करून मोजलं होतं: पुढच्या दाताला व्हिनियर लावताना दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. दोन-तृतीयांश दात गायब! किडलेल्या, फुटलेल्या, रूट कॅनॉल केलेल्या दाढेला कॅप हवीच, तिथे ती दात वाचवते. पण नुसत्या रंगासाठी धडधाकट पुढचे दात तासून खुंट्या करणं हे प्रकरण वेगळं आहे. ब्रिटनमधली तरुण मुलं स्वस्तात म्हणून तुर्कस्तानला जाऊन असे दात करून येतात, तिकडे त्याला "टर्की टीथ" हे नावच पडलंय. व्हिनियर म्हणून सांगितलं जातं, प्रत्यक्षात कित्येकांना कॅप बसतात. मग आतली नस दुखते, कधी मरते, आणि पंचविशीत रूट कॅनॉल.

साधा हिशेब करा. पोर्सिलेन व्हिनियर चांगलं झालं तर दहा-पंधरा वर्षं चालतं. २४ व्या वर्षी लावलं तर आयुष्यात ते तीन-चार वेळा बदलायचंय, आणि दर वेळी थोडा दात अजून जातो. पहिला हप्ता क्लिनिकवाले सांगतात, हे पुढचे हप्ते कुणी सांगत नाही.

माझा काळा दात

आता माझी गोष्ट. सहावीत असताना मी झोपाळ्यावरून पडले, पुढचा एक दात लोखंडी दांड्यावर आपटला. तुटला नाही, दोन दिवस दुखला, विसरून गेलो आम्ही. दोन-तीन वर्षांनी तो करडा पडायला लागला. मार लागला की आत रक्तस्राव होतो आणि रक्तातला रंग डेंटिनच्या बारीक नळ्यांमध्ये मुरतो. कॉलेजपर्यंत तो चांगलाच काळपट झाला होता. फोटोत मी ओठ मिटून हसायचे, लोकांना वाटायचं मुलीला ॲटिट्यूड आहे.

मग ताईचं लग्न ठरलं. मी एका चकाचक क्लिनिकमध्ये गेले. टॅबवर माझा फोटो काढून मला माझं नवं हसू दाखवलं. खरं सांगते, मला रडू आलं. इतकी छान दिसत होते मी. एक दात काळा होता, पण "मॅचिंगसाठी" आठ दात करावे लागतील म्हणाले. ऑफर रविवारपर्यंत. मी ॲडव्हान्स भरणारच होते.

माझी मामेबहीण तेव्हा बीडीएसची इंटर्नशिप करत होती. तिला फोन केला तर तिने एकच विचारलं, "एक्स-रे काढला का?" नव्हता काढला. "मग किती तासणार, विचारलंस?" विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या कॉलेजच्या ओपीडीत ये गुपचूप."

तिथे एक्स-रे काढला. दाताच्या मुळाच्या टोकाला काळी सावली. नस कधीच मेली होती आणि हाडात जंतुसंसर्ग शांतपणे पसरत होता, काही दुखत नसताना. त्यावर कॅप किंवा व्हिनियर बसलं असतं तर वरून पांढरं आणि खाली पू. त्यांनी रूट कॅनॉल केलं, मग दाताच्या पोकळीत मागच्या बाजूने ब्लीचिंगचं औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. आठवड्याने बदललं, परत आठवड्याने बदललं. आतून बाहेर रंग उजळत गेला. बाकीच्या सात दातांना कुणी हातही लावला नाही. आज तो दात शेजारच्यापेक्षा जरासा गडद आहे. मी सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मी चक्क दात काढून हसतेय!

वाकडे दात आणि घरपोच ट्रे

यावर थोडक्यात, कारण अलाइनरवर वेगळा भाग करायचाय. पारदर्शक ट्रे दर वेळी दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतात आणि दिवसातले २० ते २२ तास घालावे लागतात. दात हाडातून सरकतात, म्हणून एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी न करता ट्रे घालू नका. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी पोस्टाने अलाइनर विकायची. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि कितीतरी लोकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. आणि काम झाल्यावर रिटेनर घालायचा कंटाळा केला तर दात परत जुन्या जागी निघतात. हळदीने ट्रे पिवळे होतात तेही ऐकून ठेवा, जेवताना काढायचे असतात.

दाताचा कोपरा तुटलाय किंवा मधे छोटी फट आहे, तर कॉम्पोझिट बॉन्डिंग बघा. दाताच्या रंगाचं रेझिन हाताने आकार देऊन लावतात, बहुतेक वेळा तासावं लागत नाही, एका बैठकीत होतं. काही वर्षांनी डाग पडतात, कडा तुटतात, पण दुरुस्त करता येतं. विशीतल्या माणसाला परतीचा रस्ता उघडा ठेवणारा उपाय मला जास्त आवडतो.

यवतमाळच्या मुलीला काय सांगितलं

तिचे डाग म्हणजे फ्लोरोसिस असणार असा माझा अंदाज होता. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याची समस्या जुनी आहे. लहानपणी, दात हिरडीच्या आत तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं की इनॅमल सच्छिद्र बनतं. दात खडूसारखे पांढरट येतात आणि मग त्या छिद्रांत रंग मुरून तपकिरी होतात. यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. शाळेत तिला "दात घासत नाहीस का" म्हणून वर्गासमोर उभं केलं होतं म्हणे. तो डाग कोणत्या ब्रशने निघणार होता?

फ्लोरोसिसमध्ये पायरीपायरीने जातात. आधी क्लिनिंग. मग ब्लीचिंग. मग मायक्रोअॅब्रेजन, म्हणजे सौम्य ॲसिड आणि बारीक पावडर एकत्र लावून इनॅमलचा अगदी वरचा, मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे थर काढतात, तपकिरी रंग बहुतेकदा तिथेच असतो. तुम्ही म्हणाल, आत्ता तर लिंबू-सोड्याला शिव्या दिल्यास! फरक मोजमापाचा आहे. इथे डॉक्टर हिरड्या झाकून, सेकंद मोजून, एकदाच करतात. पांढरे चट्टे उरले तर त्या छिद्रांत पातळ रेझिन मुरवता येतं. एवढं सगळं करून भागलं नाही, इनॅमलच तुटलेलं असलं, तर व्हिनियर. तिला पहिल्याच भेटीत शेवटची पायरी सांगितली होती.

मी तिला म्हटलं, नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखव. मुंबईत फोर्टला सरकारी आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं महापालिकेचं आहे, संभाजीनगरलाही सरकारी आहे. रांग असते, फेऱ्या होतात, पण तिथे शिकवणारे डॉक्टर वर लक्ष ठेवून असतात आणि खर्च खूप कमी. खासगीत जायचं तर जरूर जा, चांगले डॉक्टर भरपूर आहेत. फक्त विचारा: किती दात, किती मिलिमीटर तासणार, न तासता काय होऊ शकतं, आणि हे खराब झालं तर पुढे काय. चिडणाऱ्या डॉक्टरकडे दात देऊ नका.

गेल्या आठवड्यात तिची दुसरी नोट आली. मायक्रोअॅब्रेजन झालं, घरचं ब्लीचिंग चालू आहे. तपकिरी रंग जवळजवळ गेलाय, पांढरे ठिपके आहेत, ते तिला चालतात. इंटरव्ह्यू झाला, निकाल यायचाय. शेवटी तिने विचारलं, "ताई, माझा भाचा दीड वर्षाचा आहे. आम्ही त्याला त्याच बोअरचं पाणी उकळून देतो. चालेल ना?"

नाही चालणार. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण वाढतं. पुढच्या कायमच्या दातांचं इनॅमल पहिल्या तीन-चार वर्षांत बनतं, म्हणजे त्याचे दात आत्ता, या महिन्यांत तयार होतायत. पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीमार्फत करून घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर गेलं तर ते पाणी बाळाला नको. दुसऱ्या विहिरीचं, पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं द्या. तुमच्या गावात कुणाच्या दातांवर असे डाग असतील तर हा भाग घरात लहान मूल असलेल्यांना आज पाठवा.

पुढच्या वेळी अलाइनर, आणि अक्कलदाढ काढायची की ठेवायची यावरचे तुमचे प्रश्न. व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आत ठेवा प्लीज. भेटूच.